रॅम बदलण्याआधीचा नमस्कार

साल नक्की आठवत नाही, आणि संवादही माझ्या डोक्यात थोडेफार बदलले असतील. पण महाडच्या घरातला आमचा कॉम्प्युटर चालू न होता नुसता पीं-पीं करत होता, हे खरं. त्यात माझ्या बायकोने, सुमतीने, टाईप केलेली तिच्या आईची भातलावणीची गाणी होती. दुसरी प्रत नव्हती.

रॅम बदलायला तुडीलचा रमेश आला. त्याने वायर काढली, कॅबिनेट उघडलं, आतल्या पत्र्याला हात लावला आणि तो छातीशी नेला.

"अरे, नमस्कार कसले करतोस? गाणी जातील!"

"नाय वो सर, गाणी हार्ड डिस्कमधी हायत."

"अहो, तुम्ही बसा बघू," सुमती म्हणाली.

नवी रॅम बसली, गाणी उघडली.

त्या नमस्काराला मी कित्येक वर्षं हसलो. आता सुमती नाही. परवा रॅमच्या खोक्यावर वाचलं, की आधी धातूला हात लावावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. लगेच रमेशला फोन केला.

"विजेसाठीच लावला होता, सर," तो म्हणाला. "छातीशी नेला तो मॅडमना धीर द्यायला. रडायच्या बेतात होत्या त्या. तुम्हाला दिसलं नाय?"