गायिकाबाईंचा पाय हलल्याबाबत

मी, खाली सही करणारी, वय २४ वर्षे, काम ध्वनिमुद्रण सहायक, राहणार सायकल दुरुस्तीच्या दुकानावरची खोली, आईवडिलांसोबत, समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

आमच्या घरात शिकलेली मीच पहिली. पोलीस ठाण्याची पायरी चढणारीही मीच पहिली. वडील बाहेर थांबले आहेत. त्यांनी बजावले आहे की खरे तेच सांग आणि विचारतील तेवढेच सांग. दुसरी गोष्ट मला जमत नाही.

मी ज्या गायिकाबाईंच्या स्टुडिओत काम करते त्यांना आम्ही नुसते बाई म्हणतो. आपला हा शेवटचा अल्बम, असे त्यांनी आधीच जाहीर केले होते. त्यांचा जुना नेम असा की, ऐकताना स्वतःचा पाय हलला नाही तर गाणे बाहेर द्यायचे नाही. यावेळी स्टुडिओत सगळी गाणी लावली. पाय हलला नाही. बाई म्हणाल्या, "एकदा गाडीत ऐकू. लोक गाडीतच ऐकतात. तिथेही नाही हलला तर संध्याकाळी सगळं पुसून टाक."

पुसायचे मला होते. आठ महिने ती गाणी मीच जुळवली होती. मी हो म्हटले.

स्टुडिओचे चालककाका सुटीवर होते. फोनवर ते म्हणाले, "पांढरी गाडी खालीच आहे, किल्ली आतच असते." खाली पांढरी गाडी होती, किल्ली आत होती. काचेवर शिकाऊचा लाल 'एल' मी पाहिला होता, हे नमूद व्हावे. काका हल्ली सुनेला गाडी शिकवतात, म्हणून शंका आली नाही. काकांची गाडी मागच्या गल्लीत होती, हे नंतर कळले.

बाई माझ्या शेजारी बसल्या. चौथे गाणे सुरू झाले तशी गाडी आचके देऊ लागली. माझा परवाना नवा आहे, त्यामुळे चूक माझीच असणार असे मी धरून चालले. बाई म्हणाल्या, "अगं, हाडं खिळखिळी झाली माझी!" चौकात वाहतूक हवालदारांनी शिट्टी मारली. "काय ताई, गाडी चालवताय की लंगडी घालताय?"

मी गाडी बाजूला घेतली. बाईंनी गाणे बंद केले आणि म्हणाल्या, "बघितलंस? नाही हलला. पुसून टाक." मी काच पुसली.

एवढ्यात तक्रारदार, म्हणजे गाडी शिकवणारे मास्तर, धावत आले. ते चौकातल्याच सलूनमध्ये दाढी करून घेत होते. अर्ध्या गालाला फेस होता. "चोर! चोर!" म्हणता म्हणता त्यांनी शेजारच्या दारातून आत पाहिले आणि ओरडले, "बाई, पाय काढा आधी! तो माझा ब्रेक आहे. शिकाऊ पोरंसुद्धा इतका झिजवत नाहीत!"

शिकवण्याच्या गाडीत मास्तरांसाठी वेगळा ब्रेक असतो, हे मला तेव्हा कळले. बाईंनी वाकून पाहिले.

"हा पाय कुणाचा?"

"आपलाच दिसतोय," वाहतूक हवालदार म्हणाले.

"परत लाव गं ते चौथं."

मी इंजिन बंद ठेवून गाणे लावले. मास्तर मागे बसले, हवालदार खिडकीत वाकले. ब्रेक ठेक्यात खाली-वर होत होता. गाणे संपेपर्यंत तो थांबला नाही. मग बाई पायाकडे बघत म्हणाल्या, "लबाडा! स्टुडिओत मेल्यासारखा पडला होतास की." आणि मला म्हणाल्या, "पुसायचं राहू दे."

अल्बम गेल्या शुक्रवारी निघाला. एका वर्तमानपत्राने लिहिले की आवाज खरखरीत झाला आहे. बाई म्हणाल्या, "झालाय तर, मग काय!" माझी आई म्हणाली, "आता कशी आपल्यातली वाटते." आमच्या गल्लीत चौथे गाणे एका घरात संपते तेव्हा दुसऱ्या घरात सुरू होते. मास्तरांना सलूनमधूनच फोनवर केलेली चोरीची तक्रार आता मागे घ्यायची आहे. त्यासाठी माझा जबाब लागतो असे सांगण्यात आले, म्हणून आले आहे. गाडी विचारल्याशिवाय नेली, ही माझी चूक मला मान्य आहे.

मास्तरांची गाडी सध्या ठाण्याच्या आवारात उभी आहे. दार उघडे आहे, चौथे गाणे मोठ्याने चालू आहे, आणि शेजारच्या सीटवर माझे वडील बसले आहेत.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवला, मी स्वतःही दोनदा वाचला. तो माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे. सही वाकडी आली आहे, त्याचे कारण लिहून घेणाऱ्या साहेबांचा पाय टेबलाला लागत होता. हे वाक्य गाळावे असे साहेबांचे म्हणणे पडले. पण ते खरे असल्याने मी राहू दिले आहे.