पाच दिवसांचे तास

दादाभाऊ : ‘...सबब, पुष्पा यमाजी हिचे नऊशे तास भरले नसल्याने तिला कायम करता येत नाही.’ पर्यवेक्षक म्हणून खाली सही तुमचीच ना, संपतराव?

संपत : माझीच, सर. पण आकडा मशीनचा हाय. काळ्या पडद्यावर पोरींनी ‘सुरू’ टाईप करायचं, उठताना ‘बंद’. मधले तास त्ये आपसूक मोजतं. हिचे आठशे एकाहत्तर, हर्षालीचे नऊशे चार. मशीनला काय नातंगोतं?

दादाभाऊ : हर्षाली कोण?

पुष्पा : माझ्या शेजारच्या टेबलावर बसती, सर. आमी दोघी जुन्या दप्तरांची पानं संगणकात चढवतो. कायमची जागा एकच हाय.

संपत : येडगावची पोरगी. लई हुशार.

दादाभाऊ : असेल. मला पुष्पाची हुशारी अधिक थक्क करते. बारा तारखेला ती पन्नास मिनिटं कामावर होती आणि तेवढ्यात तिने दोनशे दहा पानं चढवली. संस्थेने चौकशी माझ्याकडे सोपवली ती हिला कामावरून काढून टाकण्यासाठी; हा वेग खरा असेल तर मी बढतीची शिफारस करीन.

संपत : लाईट गेली व्हती त्या दिवशी. ही बाहेर उन्हाला बसली व्हती.

दादाभाऊ : आणि पानं? ती विजेवाचून चढली?

संपत : ...तास मोजायची सवय न्हाई हिला, सर. मेंढरामागं हिंडणारी माणसं.

पुष्पा : मेंढरू एक कमी आलं तर माझा बाप जेवत न्हाई, भाऊ. मोजायचं मला नका शिकवू.

दादाभाऊ : असे दिवस किती, पुष्पा?

पुष्पा : पाच. सर, यात ‘इतिहास’ म्हणून हुकूम हाय. टाईप केला की कुणी, कवा तास बदलले, समदं दावतं.

संपत : त्ये कशाला काढती आता?

दादाभाऊ : काढू दे. इतिहासाला भिण्याचं वय आपलं उरलं नाही.

(पुष्पा एक शब्द टाईप करते.)

पुष्पा : बारा तारीख. सात तासांची पन्नास मिनिटं केली. बदल करणारा, संपत. फुडं कारण लिवलंय.

दादाभाऊ : कारणही?

संपत : त्ये भरल्याबिगर मशीन फुडं जातच न्हाई, सर. कोण वाचतंय म्हणून काय बी लिवलं आसंल.

दादाभाऊ : अहवालात तुम्ही ‘सबब’ लिहिलंत, ‘सदर’ लिहिलंत. वाचणारा कोणी नाही असं वाटल्यावर काय लिहिलंत, ते ऐकू. पुष्पा, एक अक्षर न बदलता.

पुष्पा : ‘काम केलंय तिनं. पण जागा एकच हाय, आन् हर्षाली माझी भाची हाय.’