खडीखालचा फ्लेक्स

राव, घरामागं कोबा करायला पैसे होते कुणाकडं? चाकणला एका शेडच्या कामावर उरलेली खडी मित्राच्या टेम्पोतून आणली. गवत उगवू नये म्हणून खाली जुने फ्लेक्स भोकं पाडून अंथरले आणि वर खडी पसरली. झकास बसायची जागा झाली.

मला रिकामटेकडा म्हणणाऱ्या पप्पांनी लगेच तिथं वॉर्डातल्या भाऊंना चहाला बोलावलं. त्यांना भाऊंच्या पार्टीत पद हवं होतं.

"भाऊ, मी पहिल्यापासून तुमचाच माणूस," पप्पा सांगत होते. भाऊंनी खुर्ची पुढं ओढली, तशी खडी सरकली आणि खाली पप्पाच दिसले, हात जोडून हसताना. भाऊंनी बुटानं आणखी खडी बाजूला केली. वर विरोधी पार्टीच्या नेत्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या.

"काका, हे तुम्हीच ना?"

"कुणीतरी एडिट केलंय, भाऊ."

भाऊ चहा न घेताच गेले. पप्पा माझ्यावर उखडले, "गाढवा, फ्लेक्स पालथा टाकता येत नव्हता?"

मी म्हटलं, "टाकणारच होतो. पण त्यात तुम्ही हसत होता. घरात कधी बघितलं नव्हतं, म्हणून सुलटा ठेवला."