एका पायाची जखम भरली होती

सुमनवैनी, दोघी पोरींनो, आमच्या नाटक मंडळीतले माझे सोबती, आणि सिंदेवाहीतून, खेड्यापाड्यांतून आलेल्या मायबापहो,

स्टेजवर मी नामदेवभाऊंसाठी कितीदा तरी रडले. झाडीपट्टीच्या नाटकांत मी त्यांची बायको व्हायचे आणि शेवटच्या अंकात ते मरायचे. रडणं माझं कामच. आज मात्र ते खरंच गेले. सांभाळून घ्या.

भाऊंना शुगर जुनीच. मुलचेऱ्याच्या प्रयोगात त्यांच्या चपलेत खिळा घुसला. उजव्या अंगठ्याखाली. अख्खं नाटक ते त्या खिळ्यावर उभे राहिले, आणि त्यांना कळलंच नाही! मेकअप पुसताना मी रक्त पाहिलं. म्हटलं, "भाऊ, पाय!" तर मलाच विचारतात, "कोनाचा?"

इतके बधिर झाले होते पाय.

ती जखम महिनोन्‌महिने भरली नाही. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, अंगठा काढावा लागेल, कदाचित पंजाही. भाऊ म्हणाले, "पंजाच नाई त उभा कसा राहू? पब्लिक काय मले पाटावर बसलेला पाहीन?"

मग नागपूरच्या एका डॉक्टरबाईंनी स्टेम सेलचा उपचार सुचवला. पायाला रक्त पुरत नाही म्हणून जखम भरत नाही. या पेशी पोटरीत टोचल्या तर बारीक रक्तवाहिन्या नव्यानं फुटायला मदत होऊ शकते, असं त्यांनी समजावलं. हमखास नाही, हेही सांगितलं. पेशी कुणा अनोळखी माणसाच्या हाडातल्या मगजातून काढलेल्या. भाऊ मला म्हणाले, "शोभा, कोन्या लेकाच्या हाडातला जीव माह्या पायात येऊन राह्यला. त्याचं नाव बी मले माहीत नाई."

तो सिझन ते घरी बसले. पाय टेकला नाही, गोड खाल्लं नाही. वैनी रोज पट्टी बदलायच्या. हळूहळू खड्डा लाल मांसानं भरत आला. कडेनं नवी कातडी सरकली. जखम मिटली, मायबापहो. खरंच मिटली.

आणि आम्ही सगळे त्या एकाच पायाकडे पाहत राहिलो.

यंदाच्या थंडीत भाऊ सकाळी अंगणात शेकोटीपाशी बसले होते. पुन्हा स्टेजवर उभं राहायचं म्हणून संवाद घोकत होते. वैनी चुलीपाशी. त्यांना जळका वास आला. त्या ओरडल्या, "अवो, चप्पल जळून राह्यली तुमची!"

भाऊंनी खाली पाहिलं. चप्पल बाजूला काढून ठेवलेली होती.

डावा पाय होता तो.

घरच्या घरी मलम लावलं. पाय काळा पडला तेव्हा नागपूर गाठलं. डॉक्टरबाईंनी तिथल्या तिथे सांगितलं, पाय काढावा लागेल, विष वर चढतंय. भाऊंनी हात जोडले. "बाई, याले बी त्याच पेशी द्या ना. तो भरला, मंग हा काऊन नाई भरनार?"

"भाऊ, सडलेल्या मांसात पेशी काय करतील? आधी तुमचा जीव वाचवू द्या."

ऐकलं नाही. वैनींनी विनवलं, पोरी रडल्या. मी भेटायला गेले तर म्हणाले, "एक चमत्कार झाला, दुसरा बी होते."

चमत्कार नव्हता हो तो! औषध होतं. औषधाला आपली वेळ असते, आपली हद्द असते. भाऊंनी होकार दिला तोवर ताप डोक्यात गेला होता. पाय कापला. विष मात्र रक्तात उतरलं होतं.

गावात कुणीकुणी म्हणतं, त्या पेशींनीच मारलं. कशाला असं बोलता? भाऊंना घरी आणलं तेव्हा मी उजवा पाय पाहिला. जखम मिटलेलीच होती. कोवळी, गुलाबी कातडी. सगळं अंग गार पडलेलं, आणि तेवढीच जागा जिवंत वाटत होती. ते मला सहन होत नाही.

वैनी काल मला विचारत होत्या, "मी दोन्ही पाय काऊन नाई पाह्यले वो?" वैनी, आम्ही कोणीच नाही पाहिले. भाऊंनीही नाही.

इथे शुगर असलेले पुष्कळ जण बसलेत. घरी गेल्यावर कुणाला तरी तळवे दाखवा. आजच. लाजू नका.

आता थोडा वेळ आपण भाऊंसाठी गप्प उभे राहू. ज्यांना उभं राहवत नाही त्यांनी बसूनच राहा. त्यात कमीपणा नाही. हे भाऊंना कुणीतरी पटवून द्यायला हवं होतं.