आधी घेतली

वेदिका : बाबा, तुम्ही पागल आहात का?

आई : वेदिका, हे काय बोलणं झालं? वडिलांशी?

वेदिका : प्रश्न माझा नाहीये. पलक राठौरचा आहे. आख्ख्या टेन्थ-बीच्या पोरींनी मला डेअर दिलंय. घरी जाऊन हेच्या हेच शब्द विचारायचे आणि उत्तर उद्या रिसेसमध्ये सांगायचं. मी म्हटलं, हात्तिच्या, एवढंच? मला वाटलं होतं बाबा हसतील.

बाबा : मी हसत नाहीये.

वेदिका : ते दिसतंय मला.

आई : पण त्या मुलींना असलं काही विचारावंसं वाटलंच का?

वेदिका : तुला सांगितलं नाही यांनी? दुपारी शाळेच्या गेटवर काय झालं ते?

आई : स्कूटर घसरली म्हणाले. रेती होती म्हणाले.

वेदिका : रेती कुठली. स्कूटर उभी होती, आई, स्टँडवर. बाबा तिच्यावर बसले होते, माझी वाट बघत. मी गेटातून हात केला आणि हे असे एका अंगाला कलले आणि धाडकन खाली. एक ऑटोवाला उचलायला धावला. बिचारा एवढंच बोलला, "क्या भिया, दिन में ही चढ़ा ली?" तर यांनी त्याची कॉलर धरली. बाबांनी. जे दूधवाल्यालासुद्धा अहो-जाहो करतात. मग कॉलर सोडली आणि पोहेवाल्याच्या बाकावर बसून रडायला लागले. प्लेट हातात घेऊन लोक उभे, आणि मध्ये माझे बाबा हुंदके देतायत.

आई : अहो?

बाबा : चक्कर आली होती. पहिली पाळी करून आलो, वर ऊन. होतं एखादवेळी. तुम्ही दोघी आता त्याचं भारूड करू नका.

वेदिका : परवा जिन्यात पण ऊन होतं का? भिंत धरून उभे होतात ते? आणि डोक्यात झटके येतात म्हणालात, करंट लागल्यासारखे, ते पण उन्हाचे?

बाबा : माझी गोळी चालू आहे ना? मग झालं तर. डॉक्टरने दिलीय, मी घेतोय. अजून काय पाहिजे तुम्हाला?

वेदिका : आजची घेतली? आठ वाजून गेले. मी अजून टिक नाही केली.

बाबा : आधी घेतली.

आई : आधी कधी? साडेसातला तर आपण बाहेरून आलात. आल्यापासून पाण्याचा घोट नाही घेतला.

बाबा : घेतली म्हटलं ना, कल्पना. आधी घेतली.

वेदिका : थांबा.

बाबा : आता काय?

वेदिका : रोज आठला मी विचारते, बाबा, गोळी घेतली का. रोज तुम्ही म्हणता, आधी घेतली. आणि रोज मी फ्रिजवरच्या कॅलेंडरवर हिरवी टिक करते. बाबा, आधी म्हणजे कधी? की आधी म्हणजे किती?

बाबा : मी तुझ्याशी खोटं एकदाही बोललेलो नाही.

वेदिका : म्हणजे अर्धी. अर्धी घेत होतात. आधी गोली. हे भगवान, आणि मी टिक करत बसले मूर्खासारखी.

आई : मला कळेल असं बोला कुणीतरी.

वेदिका : तुझ्या धारच्या मराठीत आधी म्हणजे अगोदर. पलकच्या हिंदीत आधी म्हणजे अर्धी. बाबा आयुष्यभर माझ्याशी मराठीत बोलले, आई. मी हिंदीत काही म्हटलं तर टोकायचे, घरात मराठी बोल म्हणून. खोटं मात्र हिंदीत बोलले.

बाबा : तोंड सांभाळून बोल. वादविवादात कप मिळाला म्हणजे बापाची उलटतपासणी घ्यायची असं नाही.

वेदिका : घेणार. किती दिवस चाललंय हे?

बाबा : पाडव्यानंतर सुरू केलं. तीन आठवडे अर्धी. मग एक दिवसाआड अर्धी. अगदीच जड वाटलं, तर त्या दिवशी दोन.

आई : दोन? आणि मग दुसऱ्या दिवशी?

बाबा : दुसऱ्या दिवशी काही नाही. हिशेब जुळतो ना.

आई : अहो, ती काय साखर आहे का चहातली, काल जास्त पडली म्हणून आज फिका प्यायला?

बाबा : बावीस वर्षं बॉयलर चालवतोय मी. धाडकन कधीच बंद केला नाही. आग हळूहळू कमी करायची, प्रेशर उतरू द्यायचं, काट्यावर नजर ठेवायची. उतरवायची अक्कल आहे मला. डॉक्टरकडे गेलो तर तो म्हणणार, अजून सहा महिने. त्याचं काय जातं?

वेदिका : बॉयलर चालवायला तुम्हाला सर्टिफिकेट लागलं ना? ते बघा, देवघराच्या वर फ्रेम करून लावलंय, रोज त्यालाही उदबत्ती मिळते. उद्या कुणी कंपाउंडर येऊन तुमचा वॉल्व्ह फिरवायला लागला, तर चालेल तुम्हाला?

बाबा : गोष्ट वेगळी आहे.

वेदिका : वेगळी कशी? तुम्ही त्याला लाथ मारून बाहेर काढाल. आणि तुमचा काटा कुठाय, बाबा? डोक्यात कुठला काटा बघून कमी-जास्त करत होतात?

बाबा : मला बरं वाटत होतं. दोन महिने मस्त झोप, मस्त भूक. बऱ्या माणसाने गोळी कशाला खायची?

वेदिका : बरं वाटत होतं कारण गोळी चालू होती.

आई : मला एक सांगा. पाडव्यानंतरच का? पाडव्याला आपण धारला होतो, तात्यांकडे. तिथे काही झालं?

बाबा : तुझ्या वडिलांबद्दल मला काही बोलायचं नाही.

आई : म्हणजे झालं.

बाबा : पंगतीत झालं. तू आत वाढत होतीस. माझ्या खिशातून गोळ्यांचं पाकीट पडलं, श्रीखंडाच्या वाटीशेजारी. तात्यांनी उचललं, चष्मा लावून वाचलं, आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले, "जावईबापू, हे जिन्नस एकदा अंगवळणी पडले की सुटत नसतात. आमच्या घराण्यात कुणी मनाला औषध लावलं नाही." हसले सगळे. तुझा भाऊ अजेय तर ठसका लागेपर्यंत हसला.

आई : मला का नाही सांगितलंत?

बाबा : काय सांगू? तुझ्या बापाने मला नशेबाज ठरवलं, हे? मी तिथेच बोलून गेलो, तुमच्या सहस्रचंद्रदर्शनाला येईन तेव्हा सुटलेल्या असतील. शब्द दिला. ते या रविवारी आहे.

वेदिका : म्हणून. तात्यांना हजार वातींनी ओवाळायचं, आणि त्या दिवशी तुम्ही सगळ्यांसमोर खिसे उलटे करून दाखवणार, बघा, रिकामे. यासाठी तुम्ही मला स्कूटरवर मागे बसवून ए.बी. रोडवरून आणत होतात, एक दिवस अर्धी आणि एक दिवस काही नाही, अशा डोक्याने.

बाबा : वेदू.

वेदिका : वेदू नाही. मागच्या दिवाळीला तुम्ही नवीन शर्ट घालून पलंगावर बसलात, आठवतं? सकाळी सातला बसलात आणि संध्याकाळी सातला तिथेच होतात. बटणं पण लावलेली नव्हती. मी तुमच्यासमोर फुलबाजी पेटवली, तुम्ही बघितलं पण नाही. मी नववीत होते. आईला दिसू नये म्हणून मी बटणं लावली तुमची. मला तो शर्ट परत बघायचा नाहीये.

बाबा : मला आठवत नाही ते.

वेदिका : मला आठवतं ना. आणा ती डबी. चष्म्याची, जी तुम्ही शर्टाच्या घडीखाली ठेवता. मला माहितीये, काल ती हातात आली तेव्हा आत चष्म्याऐवजी काहीतरी खुळखुळलं. उरलेल्या अर्ध्या त्यातच असणार.

आई : मीच आणते.

वेदिका : तुला लगेच कशी सापडली? ... दे इकडे. एक, दोन, तीन... सहा. अर्ध्या सहाच? बाबा, तीन आठवडे रोज एक अर्धी उरली, तर वीसेक तरी हव्यात.

बाबा : जड दिवशी त्यातल्याच घेतल्या. पण सहा नाही, दहा-बारा असायला पाहिजेत. गेल्या आठवड्यात मोजल्या होत्या मी.

आई : मी घेतल्या.

बाबा : काय?

आई : पाच घेतल्या. वाटलं, झोपेच्या असतील, तात्या म्हणाले तशा. गेले पंधरा दिवस आपण ताटावरून उठता, मध्येच ओरडता, मला वाटायचं माझंच काही चुकतंय. झोप लागेना. डबी सापडली. म्हटलं, अर्धीने काय होतं.

वेदिका : आई.

आई : झोप काही आली नाही. छातीत धडधड झाली आणि दिवसभर मळमळ. पण सांगणार कुणाला? मी चोरून घेतलेल्या.

बाबा : तुझी बीपीची गोळी चालू आहे, कल्पना. त्यावर माझी गोळी? कुणाला न विचारता?

आई : आपण कुणाला विचारलंत?

वेदिका : वा. एक बॉयलर उतरवतोय, दुसरी त्याच्या चोरलेल्या अर्ध्यांवर झोपायला बघतेय, आणि मी बाहेर फ्रिजवर टिक करतेय. डॉक्टरांचा नंबर कुठाय? त्या इंदूरच्या?

बाबा : कशाला?

वेदिका : चिठ्ठीवर असेल. नऊपर्यंत क्लिनिक असतं त्यांचं.

बाबा : फोन ठेव. अर्धी-अर्धी केली म्हणून तो मला ओरडेल.

वेदिका : ओरडू दे. पन्नास वर्षांचे आहात, सहन करा.

(वेदिका फोन लावते. आई गॅस बंद करून बाहेरच्या खोलीत येऊन बसते.)

वेदिका : हॅलो, नमस्ते सर. देवास से बोल रही हूँ, योगेंद्र कानडे की बेटी... जी, वही. सर, पापा ने अपने मन से दवा आधी कर दी है. नहीं, पहले पूरी लेते थे. फिर एक दिन छोड़ के. कभी दो... जी, चक्कर. झटके. रोना. बहुत गुस्सा... एक मिनिट. बाबा, ते विचारतायत, स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?

बाबा : हे काय विचारणं झालं.

वेदिका : उत्तर द्या. माझ्याकडे बघून.

बाबा : नाही. तसं नाही. फक्त वाटतं, कुठेतरी निघून जावं.

वेदिका : सर, कहते हैं ऐसा नहीं, पर निकल जाने का मन होता है... जी. जी, अकेले नहीं छोड़ेंगे. और सर, मम्मी ने भी उसमें से पाँच आधी खा ली हैं. बीपी की दवा चलती है उनकी... आज नहीं, परसों... जी. ठीक है. कल ग्यारह बजे. थँक यू, सर.

आई : काय म्हणाले?

वेदिका : ओरडले नाहीत. म्हणाले, असं बरेच जण करतात. बरं वाटलं की सोडतात, आणि मग जे होतं त्याला आजार परत आला म्हणतात, नाहीतर सवय लागली म्हणतात. ही सवय नाही म्हणाले. शरीराला वेळ न देता काढून घेतली की ते असं भांडतं. कमी करायचीच असेल तर तेच करून देतील, पण ठरवून, भेटत राहून. आज रात्री बाबांनी किती घ्यायची तेही सांगितलंय, मी लिहून घेतलंय. चुकलेल्या भरून काढायच्या म्हणून डबल अजिबात नाही. स्कूटर बंद. बॉयलर पण बंद, ते सांगेपर्यंत. बाबांना एकटं सोडायचं नाही, आणि निघून जावंसं जास्त वाटलं तर रात्री कितीही वाजता फोन करायचा. आई, तू एकही नाही. धडधड वाढली तर आजच इथल्या दवाखान्यात. उद्या दोघांनाही बोलावलंय.

बाबा : बॉयलर बंद म्हणजे? कंपनीत काय सांगू?

वेदिका : चक्कर येते सांगा. तुमचीच माणसं खाली उभी असतात ना त्या बॉयलरच्या?

बाबा : हो. आणि तात्यांना काय सांगायचं? मी शब्द दिलाय, वेदू. सगळ्यांसमोर.

आई : तात्यांना मी बघून घेईन. दहा वर्षं बीपीची गोळी घेतायत, ती नाही म्हणे अंगवळणी पडत.

बाबा : हसू नकोस.

आई : मी हसत नाहीये. मला फार राग आलाय. तुमचा, त्यांचा, माझा स्वतःचाही.

वेदिका : ऐका आता. मी ठरवलंय आणि मी विचारत नाहीये, सांगतेय. उद्या मी शाळेत जाणार नाही. तुमच्याबरोबर इंदूरला येणार, आणि बाहेर बाकावर बसणार नाही, आत येणार. पलकला परवा सांगेन, पागल नाहीत, आजारी आहेत, आणि बॉयलरवाले असल्यामुळे जरा जास्तच हुशार आहेत. रविवारी डॉक्टर हो म्हणाले तर बसने धारला जायचं. तात्यांना ओवाळायचं, पाया पडायचं, सगळं. आणि आठ वाजले की मी भर पंगतीत विचारणार, बाबा, गोळी घेतली का.

बाबा : आणि मी काय म्हणायचं?

वेदिका : डॉक्टरांनी सांगितली तेवढी घेतली, असं. मराठीत.