काकांच्या नावाचा राखाडी पतंग

समारंभाचे अध्यक्ष माननीय उपेंद्रजी, व्यासपीठावरील मान्यवर, नोकरी संपवून कायमचे गावी निघालेले आपले सत्कारमूर्ती रामेश्वरकाका, आणि दुबईच्या ट्रॅफिकमधून कसेबसे शारजात पोहोचलेले माझे बंधुभगिनी, सर्वांना मनापासून नमस्कार.

काकांविषयी चार शब्द मी घरून ठरवून आले होते. पण आत्ता सन्मानचिन्हावरचं कापड दूर झालं आणि मी वाचलं, 'रामेश्वर पतंग. अर्चना यांचा नवा शोध, काकांच्या नावे.' तुम्ही टाळ्या वाजवल्यात, काकांचे डोळे भरून आले. मला मात्र लाजेनं मान वर करवेना.

त्याचं असं झालं. किड्या-पतंगांचं वेड माझं, गाडी काकांची. मागच्या महिन्यात रास अल खैमाच्या डोंगरात काका एका खडकावर चहाचा कप ठेवायला गेले आणि तिथून नखाएवढा राखाडी पतंग उडाला. काका म्हणाले, "हा? एवढ्यासाठी माझं पेट्रोल जाळलंस?" परतताना माझे यजमान, म्हणजे आपल्या मंडळाचे सचिव नीलेश, विचारतात, "याला काकांचं नाव देता येईल का गं?" गाड्या तासभर हललेल्या नाहीत, मी वैतागलेली. म्हटलं, "दे की, काय हवं ते दे!" यांनी ते खरं मानून थेट छापायलाच टाकलं!

मंडळी, हा पतंग नवा नाही. जाणकारांनी त्याला केव्हाच नाव दिलेलं आहे. ते बदलणारे आपण कोण? गप्प बसले असते तर कार्यक्रम गोड झाला असता, कबूल. पण यांनी काकांनाही आधीच सांगून ठेवलेलं दिसतंय. कारण तिकडे चिपळूणजवळच्या गावात त्यांची मुलगी विनिताताई, बाबांचं नाव विज्ञानात गेलं म्हणून, आत्ता या फोनवर आपल्याला पेढे दाखवतेय. उद्या कुणी विचारलं, कुठल्या पुस्तकात आहे हे, तर थापाडे कोण ठरणार? काकाच ना?

काका मला खुणावतायत. "खलास, अर्चना, पुरे आता. पोरगी ऐकतेय."

म्हणूनच बोलतेय, काका. विनिताताई, तुमच्या बाबांनी गावाला काही खोटं सांगितलेलं नाही. खोटं आम्ही त्यांना सांगितलं. गावात कुणी विचारलं तर आम्हा दोघांची नावं घेऊन सांगा.

अध्यक्षांनी मला मध्येच थांबवलं नाही, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. काका, तुम्ही मात्र आमचं खोटं इतक्यात पोटात घालू नका.