सफारीला हुक

हेमराज : ट्रॉली ओढायला सफारीच्या मागं गोळ्याचाच हुक पाहिजे मला. दमणला एकाच्या गाडीला बघितला. चकचकीत. मागून येणाऱ्याला लांबून दिसतो.

काशिनाथ : दिसंल वो शेठ, पन वढंल का? तुमच्या जनरेटरच्या ट्रॉलीला म्होरं कडी हाय. कडीत पिन जाती. गोळ्यावर कडी कशी बसंल?

हेमराज : मग कडी काढ, तिथं गोळ्याचं तोंड लाव. तुझं गॅरेज कशासाठी आहे?

काशिनाथ : लावतो की. वजन किती भरतं जनरेटरचं?

हेमराज : ट्रॉलीसकट टनाच्या वर. नवरात्र बसली की रोज नवा मंडप. आज बमरोलीला, उद्या सचिन गावाला. आजवर भाड्याच्या टेम्पोमागं बांधून नेला. आता घरात सफारी आहे म्हटल्यावर टेम्पोवाल्याच्या मिनत्या कशाला? लोकांनाही दिसू दे, मंडपवाला हेमराज कशातून येतो ते.

वाल्मिक : दाजी, एवढा विचार कशाला करताय? बंपरला एक प्लेट मारायची, प्लेटवर हुक. चहा येईपर्यंत काम फिनिश.

काशिनाथ : बंपरला? अवो पावनं, ह्यो बंपर शोभेचा. टनभर माल मागं आन् म्होरून म्हैस आडवी आली, तर बंपर ट्रॉलीसंगं ऱ्हाईल आन् गाडी म्होरं जाईल. हुक चासीलाच लागतो, खालच्या लोखंडी सांगाड्याला. गाडी खड्ड्यावर घ्या, खालनं बगतो.

वाल्मिक : खालून काय बघायचंय? गाडी दोन वर्षांची पण नाही.

काशिनाथ : म्या कवा म्हनलं जुनी हाय?

हेमराज : थांब रे वाल्मिक. काशिनाथ, तू काम वाढवत तर नाहीस ना? गाडी एकदा खड्ड्यावर चढली, की तुम्हा लोकांना काही ना काही सापडतंच. आलो हुक लावायला आणि जायचो इंजिन उतरवून.

काशिनाथ : भरवसा नसंल तर नका लावू. पर्वत पाटियावर ग्यारेजला तोटा न्हाई.

वाल्मिक : हेच म्हणतोय मी. चला दाजी, उधन्याला माझा एक दोस्त आहे. डोळे मिटून लावून देईल.

काशिनाथ : डोळे मिटूनच लावावा लागंल.

हेमराज : म्हणजे काय?

काशिनाथ : काय न्हाई. बोलून गेलो.

हेमराज : वाल्मिक, तू मघापासून घाई करतोयस. मी तर तुला बोलावलं पण नव्हतं. मी हुक बसवायला निघालो, हे कळलं कुठून तुला?

वाल्मिक : ताईनं फोन केला सकाळी. म्हटलं, गाडी आपण दिलीय, आपण जरा सोबत असावं.

हेमराज : सुमननं? हुकासाठी भावाला फोन?

वाल्मिक : असंच. सहज बोलता बोलता निघालं.

हेमराज : सोबत राहायला आलास, आणि तुलाच निघायची घाई. काशिनाथ, घे गाडी खड्ड्यावर.

वाल्मिक : दाजी, ऐका तर...

हेमराज : घे म्हटलं ना.

(गाडी खड्ड्यावर चढते. काशिनाथ दिवा घेऊन खाली उतरतो. बराच वेळ आतून नुसता ठोकण्याचा आवाज.)

काशिनाथ : शेठ, जरा खाली येता? तुमीबी या, पावनं.

वाल्मिक : मी ठीक आहे इथं. कपडे खराब होतील.

हेमराज : बोल. काय सापडलं?

काशिनाथ : म्या काय बोलत न्हाई. ह्या पट्टीवर हात फिरवा. म्होरं, आजून म्होरं. काय लागतं?

हेमराज : गुळगुळीत.

काशिनाथ : त्यो कंपनीचा रंग. आता मागं या. हितं?

हेमराज : खरबरीत आहे. डांबर लावल्यासारखं.

काशिनाथ : डांबरच फासलंय. खरवडतो, बगा. ह्यो वेल्डिंगचा टाका दिसला? आडवा, ह्या टोकापस्नं त्या टोकापत्तुर. दुसऱ्या अंगाला बी तसाच. चासी हितनं कापून जोडलीय.

हेमराज : हे तू आत्ता खाली उतरून तर नाही केलंस?

काशिनाथ : टाक्याला गंज चढलाय, शेठ. त्याला एक पावसाळा जावा लागतो. एवढा येळ तर तुमी मला दिला न्हाई.

हेमराज : मग झालंय काय नेमकं?

काशिनाथ : मागनं ट्रक घुसला आसंल. मागचं धूड गेलं, दुसऱ्या गाडीचं आनून जोडलं. जोडनाऱ्यानं बी उरकून टाकलंय. हुक लागनार ह्या टाक्याच्या मागं. समदी वढ हितंच येनार. म्या न्हाई लावनार. दुसऱ्या कुनाकडनं बी लावू नका.

हेमराज : वाल्मिक.

वाल्मिक : ऐकलं मी.

हेमराज : तू जुन्या गाड्यांची दलाली करतोस. दुसऱ्याची गाडी घेताना टायर खरवडून बघतोस. ही घेताना खाली वाकला नाहीस?

वाल्मिक : मलाच फसवलं, दाजी. वापीच्या पार्टीनं. कागद एकदम साफ होते.

हेमराज : तुला कळलं कधी?

वाल्मिक : नंतर.

हेमराज : कशाच्या नंतर? मला दिल्यानंतर?

वाल्मिक : तसं एकदम पक्कं सांगता नाही येणार...

हेमराज : म्हणजे आधी.

वाल्मिक : एक गिऱ्हाईक आलं होतं. सोबत मिस्त्री. मिस्त्री खाली वाकला, उठला, हात झटकले आणि दोघं न बोलता निघून गेले. तेव्हा मी खाली गेलो.

हेमराज : आणि वर आल्यावर तुला मी आठवलो.

वाल्मिक : परक्याला दिली असती तर तो पोलीस घेऊन दारात आला असता. धंदा बुडाला असता माझा.

हेमराज : आणि बहिणीचा नवरा पोलीस आणत नाही.

वाल्मिक : तुम्ही गाडी हळू चालवता. गावातल्या गावात. मला वाटलं, काही होणार नाही.

हेमराज : मे महिन्यात धुळ्याला गेलो आम्ही हिच्यातून. कोंडाईबारीच्या घाटात मागं ट्रकांची रांग होती. सोनाली मागच्या सीटवर झोपलेली. मी तिला म्हटलं, झोप बेटा, मामाच्या गाडीत धक्का लागत नाही.

वाल्मिक : मन्ही चूक व्हयनी, दाजी.

हेमराज : आता अहिराणी आठवली तुला. गाडी गळ्यात मारताना तर हिंदी झाडत होतास.

वाल्मिक : परत घेतो मी. आजच्या आज. तुम्ही म्हणाल तसं.

हेमराज : घ्यावीच लागेल. आणि पुन्हा कुणाच्या गळ्यात मारायची नाही. भंगारात जाईल ती, मी स्वतः उभा राहीन तिथं. पण ते राहू दे. मला दुसरं सांग. सुमनला माहीत होतं?

वाल्मिक : ताईला मधे नका आणू.

हेमराज : ती मधेच आहे. तुझी बहीण, माझी बायको. माहीत होतं का नव्हतं?

वाल्मिक : काशिनाथभाई, जरा बाहेर जाता का?

हेमराज : तो कुठं जाणार नाही. त्याच्यावरही मी मघाशी संशय घेतला. ऐकू दे त्याला.

वाल्मिक : ती घरी आली होती, संक्रांतीचा तिळगूळ द्यायला. मी फोनवर त्या वापीवाल्याला शिव्या देत होतो. तिनं सगळं ऐकलं.

हेमराज : ही कधीची गोष्ट?

वाल्मिक : तुम्ही पहिल्यांदा गाडी बघून गेलात ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी.

हेमराज : आणि मला एक शब्द बोलली नाही.

वाल्मिक : मी तिला आईची शपथ घातली. म्हटलं, टाक्याचं, अपघाताचं नाव काढलंस तर तुझा भाऊ रस्त्यावर येईल. ती रडली. पण शपथ मोडली नाही तिनं.

हेमराज : काळा रंग आपल्याला धार्जिणा नाही म्हणाली होती ती. रात्री जेवताना म्हणाली, सकाळी पुन्हा म्हणाली. टोकन द्यायला निघालो तर दारात उभी राहून तेच. रंगाबिंगाचं असलं काही मानत नाही ती. अमावास्येला दुकान उघडलं तिनं माझ्यासोबत.

वाल्मिक : तिला तेवढंच बोलता येत होतं, दाजी.

हेमराज : आणि मी म्हणालो, तुला गाडीतलं काय कळतं.

काशिनाथ : शेठ, वर या. हात धरा माझा. बसा घडीभर.

हेमराज : नको. जनरेटर टेम्पोमागंच बांध म्हणून निरोप धाड टेम्पोवाल्याला. मी विनंती केलीय म्हणावं.

काशिनाथ : धाडतो. तुमाला रिक्षा बोलवू? घर लांब हाय तुमचं.

हेमराज : चालत जातो थोडा. लांब आहे तेच बरं आहे.